मे महिन्याची पुस्तके

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. एप्रिल संपत आला होता. दुपारच्या वेळी आमच्या धर्मग्रामातील एक भगिनी कार्यालयात आल्या. त्यांच्या मातोश्री नुकत्याच निवर्तल्या होत्या व त्यांच्या स्मरणार्थ काही द्यावे, अशी त्यांची इच्छा होती. अशा वेळी बहुधा एखादे बाक, पंखा किंवा फुलदाणी येते. आम्ही वहीत नोंद करण्यासाठी पेन उचलले. त्यांनी पाकीट पुढे केले आणि म्हणाल्या, "फादर, सहा हजार आहेत. दुसरी ते चौथीच्या मुलींसाठी सुट्टीत वाचायला पुस्तकं घ्या. आईला अक्षरओळख नव्हती. बसचा नंबरसुद्धा ती दुसऱ्याला विचारायची."

"मुलींसाठीच का?" आम्ही विचारले.

"मुलगे दिवसभर मैदानावर असतात, फादर. मुली दुपारी घरात असतात."

त्या गेल्या. पाकीट टेबलावर राहिले. पुस्तके निवडण्यात अवघड ते काय, असे त्या वेळी आम्हांला वाटले. सेमिनरीतली आमची सगळी वर्षे पुस्तकांच्याच सहवासात गेली होती. तत्त्वज्ञानाचे जाडजूड ग्रंथ पचवलेल्या माणसाला आठ वर्षांच्या मुलीसाठी पुस्तक निवडता येऊ नये? पण निवडता आले नाही. ते का आले नाही, एवढेच ह्या लेखात सांगायचे आहे. मे महिना दरवर्षी येतो आणि अनेक घरांतून हाच प्रश्न पडत असेल, म्हणून हा खटाटोप.

त्या वर्षी आम्ही एकटेच दादरला गेलो. दुकानात दोन तास उभे राहून चोखंदळपणे निवड केली. थोर स्त्रियांची चरित्रे घेतली, बोधकथा घेतल्या, मुलींनी कसे वागावे हे गोष्टीरूपाने सांगणारी काही पुस्तके घेतली. साने गुरुजींच्या 'श्यामची आई'च्या चार प्रती घेतल्या. गुरुजींनी हे पुस्तक नाशिकच्या तुरुंगात लिहिले आणि १९३५ साली ते प्रसिद्ध झाले. तेव्हापासून मराठी घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या वाचले जात आहे. तेव्हा त्याबाबत आमच्या मनात शंका असण्याचे कारणच नव्हते. बिल झाले तेव्हा थोडे पैसे उरले. दुकानदाराने आपणहून सहा पातळ चित्रपुस्तके काढून दिली. पाने थोडी, मजकूर त्याहून थोडा, आणि चित्रेच चित्रे. हे काय वाचन झाले, असे मनात म्हणतच आम्ही ती पिशवीत टाकली.

धर्मग्रामातील एक निवृत्त प्राथमिक शिक्षिका सभागृहातले पुस्तकांचे कपाट सांभाळतात. सगळे त्यांना नुसते 'बाई' म्हणतात. बाईंनी प्रत्येक पुस्तकाला तपकिरी कव्हर घातले, नंबर दिला व वही आखली. मेच्या पहिल्या रविवारी आम्ही चार शब्द बोललो आणि पुस्तके वाटली. मुलींनी रांगेत येऊन ती घेतली. दात्या भगिनींच्या डोळ्यांत पाणी आले. आम्हांलाही कृतार्थ वाटले.

जूनमध्ये शाळा सुरू होण्याआधी पुस्तके परत आली. बाईंनी ती आमच्या टेबलावर रचून ठेवली व एवढेच म्हणाल्या, "फादर, गेली तशीच आली."

खरोखरच, कव्हरांना एक चुणीही पडली नव्हती. चरित्रांची पाने एकमेकांना तशीच चिकटलेली होती. सहा चित्रपुस्तकांपैकी पाच मात्र परत आलीच नव्हती. घरोघरी फिरत होती. सहावे आले ते आंब्याच्या रसाचे डाग घेऊन. त्याचा एक कोपरा कुणा धाकट्या भावाने चावला होता आणि फाटलेल्या पानाला आतून चिकटपट्टी लावली होती. त्या ढिगात वाचलेले पुस्तक ते एकच.

बाईंच्या पाठोपाठ तिसरीत गेलेली एक मुलगी आली होती. आम्ही तिला दिलेले पुस्तक तिच्या हातात होते. ती म्हणाली, "फादर, ह्यातली मुलगी काय करते?"

"म्हणजे? ती आईवडिलांचं ऐकते, खोटं बोलत नाही."

"ते कळलं. पण ती करते काय?"

ती गेल्यावर आम्ही ते पुस्तक प्रथमच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. दुकानात आम्ही फक्त पाठीवरचा मजकूर वाचला होता. त्या पुस्तकातल्या मुलीने ऐकले होते, चूक केली होती, रडली होती, क्षमा मागितली होती. ती झाडावर चढली नव्हती. तिची वाट चुकली नव्हती. तिने कुणाला एकही प्रश्न विचारला नव्हता. आठ वर्षांच्या वाचकाने अचूक दोष दाखवला होता.

मग आमच्या स्वतःच्या लहानपणाची आठवण झाली. आम्ही काय वाचत होतो? भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे! सायकलवर टांग मारून संकटात शिरणारा तो काटकुळा पोरगा आमचा जिवलग होता. त्याने आम्हांला आज्ञाधारकपणा फारसा शिकवला असेल असे वाटत नाही. पण वाचायची गोडी त्यानेच लावली. स्वतःसाठी आम्ही धावणारा मुलगा निवडला होता आणि ह्या मुलींसाठी मुकाट ऐकणारी मुलगी. ह्यात कुठे तरी अन्याय होता.

पण फास्टर फेणे आम्हांला प्रथम वाचून दाखवला तो आमच्या थोरल्या बहिणीने, हे त्या रात्री आठवले, आणि आठवण तिथेच थांबली नाही.

आमचे घर वसईतल्या एका वाडीत. वडील केळी आणि भाजी करीत. आई पहाटेच्या गाडीने टोपली घेऊन दादरला जाई. बहीण आमच्याहून सात वर्षांनी मोठी. दुपारी बावखलाच्या काठावर, भेंडीच्या झाडाखाली बसून ती आम्हांला वाचून दाखवीत असे. शाळेच्या ग्रंथालयातून ती गोष्टींची पुस्तके आणि 'किशोर'चे अंक आणी. बालभारतीने १९७१ साली सुरू केलेले ते मासिक तेव्हा अजून नवे होते. ती वाचताना वेगवेगळे आवाज काढी. चोराचा आवाज काढला की आम्ही तिला बिलगत असू.

सातवीनंतर तिची शाळा सुटली. घरी तीन धाकटी भावंडे होती आणि आई दिवसभर बाजारात. कुणी तरी घरी राहायलाच हवे होते. शाळा सुटली तशी ग्रंथालयाची पुस्तकेही सुटली. पुढे आम्ही मोठ्या इयत्तेत गेलो, स्वतःच्या नावावर पुस्तके आणू लागलो. एका संध्याकाळी चुलीपुढे बसल्या बसल्या तिने विचारले, "आज काय आणलंस? मला दे ना रात्री." आम्ही म्हणालो, "तुला काय करायचंय?"

हे शब्द दुसऱ्या कुणाचे नव्हते, आमचेच होते. त्यावर ती काही बोलली नाही, आणि पुन्हा तिने कधी मागितलेही नाही. आज तिने साठी ओलांडली आहे. पुष्कळांच्या देखत ती आम्हांला 'फादर' म्हणते व घरात 'तू' म्हणते. हा प्रसंग तिला आठवतो की नाही, हे विचारण्याचे धैर्य आम्हांला आजवर झालेले नाही.

असो. दुसऱ्या वर्षी त्या भगिनींनी पुन्हा पाकीट दिले, तेव्हा आम्ही ते बाईंच्या हाती दिले व त्यांच्या मागोमाग पिशवी धरून गेलो. त्या वर्षी जे शिकलो ते पालकांच्या उपयोगी पडेल.

बाईंची पहिली कसोटी पाच बोटांची. मुलीने पुस्तकाचे मधलेच एखादे पान उघडून वाचावे. अडलेल्या प्रत्येक शब्दाला एक बोट मिटावे. पान संपण्याआधी मूठ वळली, तर ते पुस्तक आज तिच्यासाठी नाही. पुढच्या वर्षी असेल. एकही बोट मिटले नाही, तर तेही पुस्तक चालेल. सुट्टीत सोपे वाचायला काय हरकत आहे? आपण मोठी माणसे तरी दुपारी कुठे अवघड वाचतो?

दुसरी कसोटी डोळ्यांची. अक्षर मोठे हवे, ओळींत मोकळी जागा हवी आणि जोडाक्षरांची गर्दी नको. चित्र हे मजकुराची शोभा वाढवण्यापुरते नसते. अडलेल्या शब्दाचा अर्थ मूल चित्रातून काढते. आम्ही पिशवीत नाखुशीने टाकलेली ती पातळ पुस्तके ह्या कसोटीला उतरली होती, जाड चरित्रे उतरली नव्हती.

तिसरी कसोटी त्या तिसरीतल्या मुलीची: ह्यातली मुलगी काय करते? ह्या कसोटीने पाहिले तर मराठीत काहीच नाही असे मुळीच नाही. 'गोट्या' लिहिणाऱ्या ना. धों. ताम्हनकरांनी 'चिंगी'ही लिहिली. भागवतांनी इंग्रजीतल्या ॲलिसला मराठी वेष देऊन 'जाईची नवलकहाणी' सांगितली. माधुरी पुरंदरे ह्यांच्या 'राधाचं घर' ह्या संचातली छोटी राधा आपल्या घरातल्या माणसांविषयी स्वतःच बोलते. पुरंदरे ह्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. पण आमच्या मुलींना त्याचे सोयरसुतक नव्हते. "ही आमच्यासारखी बोलते," एवढेच त्या म्हणाल्या. २००४ साली सुरू झालेल्या प्रथम बुक्सची पुस्तके स्वस्त आहेत आणि त्यांवर वाचनाची पातळी एक ते चार अशी दिलेली असते, त्यामुळे पालकांचे काम सोपे होते. त्यांच्याच स्टोरीवीव्हर ह्या संकेतस्थळावर २०१५ पासून गोष्टी मोफत वाचता येतात. ज्या घरी पुस्तकाला पैसे नाहीत, तिथेही फोन असतोच. त्याचा हाही एक उपयोग.

शिवाय कविता. विंदा करंदीकरांची 'राणीची बाग' १९६१ची आणि 'एटू लोकांचा देश' १९६३चे. पण त्यांतला चावटपणा अजून ताजा आहे. ज्या मुलीला पानभर गद्य वाचण्याचा कंटाळा येतो, ती आठ ओळींची कविता दहा वेळा म्हणते. दहाव्या वेळी ती पुस्तकात पाहत नाही, हे खरे. पण पहिल्या तीन वेळा पाहिलेले असते.

'श्यामची आई'चे काय केले, असे कुणी विचारील. ती कपाटात आहे, मानाने आहे. थोड्या मोठ्या मुलींना आम्ही ती आवर्जून देतो. पण सात-आठ वर्षांच्या मुलीला ती एकटीने वाचायला देणे म्हणजे पोहता न येणाऱ्याला खाडीत सोडणे. तिच्याजवळ बसून कुणी तरी वाचावी.

बाईंची शेवटची सूचना आम्हांला पचायला जड गेली. त्या म्हणाल्या, "फादर, आपण वाटायची नाहीत. टेबलावर मांडायची आणि दूर व्हायचं. उचलू द्या त्यांना." आम्ही ओसरीवर जाऊन बसलो. मुली टेबलाभोवती फिरत, उचलत, वास घेत, पुन्हा ठेवत. अर्धा तास गेला. एकीने चार वेळा पुस्तक बदलले. पूर्वी आम्ही तिला नक्कीच ओरडलो असतो. आणखी एक नियम बाईंनी केला: पुस्तक आवडले नाही तर न वाचता परत करायचे आणि कारण कुणी विचारायचे नाही. ह्या नियमामुळे पुस्तके परत येण्याचा वेग वाढला आणि नेण्याचाही वाढला.

भाषेचा प्रश्न निघाला नाही असे कसे होईल? दुसऱ्याच दिवशी एक माता आल्या. "फादर, इंग्लिश पुस्तकं ठेवा. मुलीला मराठी वाचायला जड जातं." त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. आमच्याकडे घरात कादोडी किंवा वाडवळी बोलली जाते, शाळा इंग्रजी माध्यमाची, आणि पुस्तकातली मराठी ही मुलीच्या दृष्टीने तिसरीच भाषा. महाराष्ट्रातल्या सर्व माध्यमांच्या शाळांत मराठी सक्तीची करणारा कायदा २०२० साली झाला. पण सक्तीने गुण मिळतात, गोडी लागत नाही. आम्ही त्या मातेला उपदेश केला नाही. इंग्रजी पुस्तकेही ठेवली. फक्त एक विचारले, "मुलगी इंग्रजी गोष्ट वाचते तेव्हा तिची आजी काय करते?"

"काय करणार? टीव्ही बघते."

"मग आठवड्यातून एक मराठी न्या. आजीला ऐकू दे. अडलं तर आजी सांगेल."

त्यांनी नेले. पुढच्या आठवड्यात त्या म्हणाल्या की, मुलगी एक शब्द चुकली आणि आजीने टीव्हीचा आवाज कमी करून तो सुधारला. आम्हांला एवढे पुरे होते.

शनिवारी संध्याकाळी बाई 'तोत्तोचान' मोठ्याने वाचत. तेत्सुको कुरोयानागी ह्यांचे हे पुस्तक मूळ जपानीत १९८१ साली निघाले. नॅशनल बुक ट्रस्टने ते मराठीत आणले आहे. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली ही चिमुरडी तोमोए नावाच्या शाळेत येते, जिथले वर्ग आगगाडीच्या डब्यांत भरतात. तिथले मुख्याध्यापक कोबायाशी पहिल्याच दिवशी तिला समोर बसवतात आणि चार तास तिचे बोलणे ऐकून घेतात. हे सगळे खरे घडलेले आहे. १९४५ साली बाँबहल्ल्यात ती शाळा जळून गेली. बाई ते पान वाचीत असताना आम्ही मागे उभे होतो. आम्ही कुठल्या मुलीचे चार तास सोडा, चार मिनिटे तरी सलग ऐकले होते का, हा विचार मनात आल्यावाचून राहिला नाही. आमच्या व्यवसायात बोलणे फार होते.

सगळेच साधले असे मात्र नाही. चौथीतली एक मुलगी दर आठवड्याला पुस्तक नेई आणि न वाचता आणून देई. नियमाप्रमाणे आम्ही कारण विचारले नाही. ते बाईंना तिच्या शेजारणीकडून कळले. आईवडील दोघेही कामावर, आणि कडेवर दीड वर्षांचा भाऊ. शिवाय मराठी वाचताना ती अडखळे आणि चौथीच्या मुलीने पहिलीच्या मुलींचे पुस्तक उचलायचे म्हणजे तिला लाज वाटे. आम्हांला काही सुचेना. बाईंनी सगळ्यांत मोठ्या चित्रांचे, सगळ्यांत कमी शब्दांचे पुस्तक काढले आणि म्हणाल्या, "हे तुला नाही, भावाला. त्याला वाचून दाखवशील?"

लाजेचे कारणच संपले. महिनाभरात तिने अशी अकरा पुस्तके नेली. भावाला त्यातले किती कळले ते देव जाणे. पण ती वाचू लागली. आणि वाचताना, बाई म्हणतात, ती वेगवेगळे आवाज काढते.

हे ऐकल्यावर आम्ही त्या संध्याकाळी वाडीत बहिणीकडे गेलो.

तिला सगळी हकिगत सांगितली. स्वतःचे त्या दिवसाचे शब्द तेवढे सांगू शकलो नाही. शनिवारी सभागृहात येऊन मुलींना वाचून दाखव, अशी विनंती केली. ती हसली. "आता कुठे? जाडा भिंगाचा चश्मा, त्यात अक्षरं नाचतात. हसतील पोरी." आम्ही पिशवीतून 'चिंगी' काढून तिच्यापुढे ठेवली. "कुणाला ही?" तिने विचारले. "तुला," आम्ही म्हणालो. तिने हात पदराला पुसले, पुस्तक उघडून पाहिले, पुन्हा मिटले आणि फळीवर मसाल्याच्या बरणीशेजारी ठेवले. मग चहा टाकला.

पालकांना एवढेच सांगणे आहे. मे महिन्यात मुलीला एक पुस्तक द्या. पण ते तिने उचललेले असू द्या. ते पातळ असले तर नाक मुरडू नका, डाग पडला तर रागावू नका. तिला काम सांगावे लागते, तेही समजते. आपल्या घरांतून ते चुकत नाही. पण दुपारचा एक तास तिच्या नावावर राहू द्या, आणि ती पुस्तक मागेल तेव्हा तुला काय करायचंय, असे कुणी म्हणू नका. पोराच्या तोंडून गेलेला तो शब्द चाळीस-पंचेचाळीस वर्षांनीही परत घेता येत नाही.

बाईंच्या वहीत त्या दिवशीची नोंद आम्ही स्वतःच्या हाताने केली: बहिणीचे नाव, पुस्तकाचे नाव, दिलेली तारीख. 'परत' हा रकाना दोन वर्षे रिकामा आहे. मध्यंतरी विचारले तेव्हा ती म्हणाली, "थोडी पानं उरलीत. घाई आहे का?"

घाई नाही. बाईंना आम्ही सांगून ठेवले आहे की, ते पुस्तक मागू नका.